सिंक बसवले, पण नळीला हवा दिली का?

खानापूर तालुक्यातील एका कौलारू घरची ही हकीकत आहे. घरातल्या आजींचे वय सत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले. जन्मभर मोरीत पाटावर बसून भांडी घासली, पण आता एकदा खाली बसले की उठताना भिंत धरावी लागे. मुलाने विचार केला, स्वयंपाकघरात कमरेच्या उंचीवर एक सिंक बसवून द्यावे, म्हणजे आईला उभ्याने काम करता येईल. गवंडी आला. आतल्या भिंतीशी कडप्प्याचा ओटा वाढवला, स्टीलचे सिंक बसवले, नळ आणला. पाणी जाण्यासाठी जमिनीखालून पंधरा फूट पाइप नेऊन तो संडासच्या मोठ्या पाइपाला जोडून दिला आणि वरून फरशी पक्की केली. काम झटपट झाले. सगळ्यांना समाधान वाटले.

आठ दिवसांनी वास येऊ लागला. कोणी म्हणाले, ओट्यामागे उंदीर मेला असेल. ओटा रिकामा करून पाहिला, उंदीर सापडला नाही. फिनेल ओतले. वास दोन तास दबला आणि पुन्हा आला. न्हाणीघरात कोणी बादली ओतली किंवा संडासात पाणी सोडले की इकडे सिंकमधून ‘गुडगुड’ असा आवाज येई. शेवटी नातू बोलून गेला, “आजी खरकटे सिंकमध्ये टाकत असेल, म्हणून वास येतो.” आजी काही बोलल्या नाहीत. दोन-तीन दिवसांनी मुलगा पहाटे उठला, तर आई जुन्या मोरीत खाली बसून भांडी घासत होती.

“आई, तिथं कशाला बसलीस?”

“राहू दे की रे. माझ्यामुळं घरभर वास नको.”

वाचकहो, त्या घरात दोष आजींचा नव्हता आणि सिंकचाही नव्हता. पाइपाला हवा नव्हती, एवढीच चूक होती. आज गावोगावी जुन्या घरांत नवी सिंक आणि बेसिने बसवली जात आहेत. वडीलधाऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी आणि घरच्या बाईची कंबर वाचावी म्हणून ती बसवावीत हे चांगलेच आहे. पण पाणी कोठून आणावे आणि कोठे सोडावे याचा विचार आपण करतो, त्या पाण्याच्या मागून हवा कोठून येणार याचा विचार बहुधा राहून जातो. त्याबद्दल थोडी माहिती येथे देत आहोत.

मोरीला जे आपोआप मिळत होते

आपली जुनी मोरी आठवा. तीन बाजूंनी वीतभर उंचीचा कठडा, कोपऱ्यात भिंतीला एक भोक आणि भोकातून पाणी थेट परसातल्या उघड्या पाटात. तेथून ते अळवाच्या वाफ्यात किंवा केळीच्या बुंध्याशी जाई. या वाटेवर पाणी कोठेही कोंडलेले नव्हते. त्याच्या वर सतत मोकळी हवा होती. म्हणून मोरी कधी गुडगुडली नाही आणि संडासच्या टाकीतील हवा तिच्या वाटेने घरात आली नाही, कारण मोरीचा आणि टाकीचा संबंधच नव्हता.

सिंक बसवताना आपण हे पाणी बंद पाइपात घालतो. बंद पाइप स्वच्छ दिसतो आणि चिखल होऊ देत नाही. परंतु मोरीला जी हवा फुकट मिळत होती ती येथे मिळत नाही. ती मुद्दाम द्यावी लागते.

वाकड्या नळीतील दोन इंच पाणी

सिंकच्या खाली पाहिले तर नळी एकदा खाली जाऊन पुन्हा वर वळलेली दिसते. त्या वळणाला ट्रॅप म्हणतात. त्यात नेहमी थोडे पाणी साचून राहते. पुष्कळांना वाटते की चमचा किंवा अंगठी पडली तर सापडावी म्हणून ही सोय आहे. तिचे खरे काम वेगळे आहे. ते साचलेले पाणी म्हणजे दाराचा अडसर होय. पलीकडे गटाराची किंवा सेप्टिक टाकीची घाण हवा आहे आणि अलीकडे आपले स्वयंपाकघर. मध्ये उभे आहे ते एवढेसे पाणी. त्याची खोली साधारणपणे ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असते.

लंडनमधील घड्याळे बनविणारे अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली संडासच्या भांड्याखाली अशी वळलेली नळी बसविण्याचा हक्क नोंदविला. अडीचशे वर्षे झाली, तरी घाण हवा अडविण्यासाठी याहून सोपा आणि स्वस्त उपाय निघालेला नाही. मात्र तो चालतो तो वळणात पाणी असेपर्यंतच. पाणी गेले की अडसर निघाला आणि दार सताड उघडे.

पाणी ओढले जाते ते कसे

पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून पाहा. तेल थांबत थांबत, गुडगुड करीत येते. समोरच्या कोपऱ्याला दुसरे भोक पाडले की धार सरळ लागते. तेल बाहेर पडताना त्याच्या जागी हवा आत गेली पाहिजे, ती दुसऱ्या भोकातून जाते. सिंकचा पाइपही असाच आहे. पाणी पुढे धावते तेव्हा त्याच्या मागे हवेची जागा रिकामी होते. ती भरायला बाहेरून हवा आली नाही, तर पाइप जवळ जे असेल ते ओढून घेतो. जवळ असते ते ट्रॅपमधील पाणी.

शेतकऱ्यांना दुसरे उदाहरणही ठाऊक आहे. पिंपातील डिझेल काढायचे असेल तर नळीचे एक टोक आत बुडवून दुसऱ्या टोकाकडून ओढतात. एकदा धार लागली की नळी आपोआप ओढत राहते, आणि पिंपातील टोक उघडे पडेपर्यंत थांबत नाही. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडले की पाइप पूर्ण भरून वाहतो आणि नेमके हेच घडते. शेवटी ट्रॅपमधील पाणीही त्या धारेबरोबर निघून जाते.

दुसऱ्या प्रकारात सिंकला कोणी हातही लावलेला नसतो. संडासात किंवा न्हाणीत पाणी सोडले की ते मोठ्या पाइपातून जोराने जाते आणि वाटेत जोडलेल्या बारीक पाइपातील हवा आपल्याबरोबर ओढून नेते. तेव्हा स्वयंपाकघरातला ट्रॅप गुडगुडतो. ही गुडगुड म्हणजे पाइप हवा मागत आहे असे समजावे.

यासाठी ओढ किती लागते? आपल्या डोक्यावरील हवेचा दाब सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या खांबाएवढा असतो. त्याच्या दोनशेव्या भागाइतका जरी फरक पाइपात पडला, तरी दोन इंचांचा अडसर मोडतो. म्हणून “पाइप मोठा आहे, काही होत नाही” असे समजून चालत नाही.

वास एवढेच नव्हे

टाकीतून येणाऱ्या हवेत सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड असतो. थोड्या प्रमाणात तो डोळे चुरचुरवतो, डोके दुखवतो, मळमळ आणतो. प्रमाण फार वाढले तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला धोका कळत नाही. घरातील सिंकमधून एवढे प्रमाण सहसा येत नाही, पण बंद टाकीत ते असू शकते. त्याच हवेत मिथेन असतो. त्याला वास नसतो, पण तो पेटतो. म्हणून सिंकच्या भोकाशी किंवा टाकीच्या झाकणाशी काडी, उदबत्ती किंवा दिवा नेऊन ‘हवा येते का’ हे पाहण्याचा प्रकार कोणीही करू नये.

कोरड्या ट्रॅपमधून रोगही येऊ शकतो. २००३ साली हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स रोगाने तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. अनेक न्हाणीघरांतील जमिनीवरच्या ट्रॅपचे पाणी सुकून गेले होते आणि न्हाणीघरातील पंख्यांनी सांडपाण्याच्या पाइपातील दूषित हवा व तुषार घरात ओढून घेतले, असा चौकशी करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. आपली घरे बैठी आणि मोकळी असली, तरी त्यातला धडा आपल्यालाही लागू आहे. शिवाय त्याच वाटेने झुरळे येतात, आणि घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास टाकीतून बाहेर पडतात. हत्तीरोग पसरविणारे डास ते हेच.

दोष कोठे आहे हे ओळखावे कसे

वास आला की लगेच फरशी फोडू नये. आधी नीट पाहावे.

घर महिना दोन महिने बंद होते आणि आल्याबरोबर वास आला, तर ट्रॅपचे पाणी उन्हाळ्यात सुकले असावे. तांब्याभर पाणी ओतले की वास जातो. पुढच्या वेळी घर बंद करताना पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडावे, म्हणजे पाणी लवकर उडत नाही.

पाणी तुंबत असेल आणि हळूहळू उतरत असेल, तर पाइपात चरबी किंवा भाताची शिते अडकली आहेत. तेथे सफाई हवी.

पाणी नीट जाते, पण जाताना किंवा दुसरीकडे पाणी सोडताना गुडगुड होते आणि नंतर वास येतो, तर पाइपाला हवा नाही असे धरून चालावे. खात्री करण्याची एक सोपी रीत आहे. ट्रॅपचा खालचा कप किंवा नट हाताने सुटतो. प्रथम सिंकमध्ये तांब्याभर पाणी अगदी हळू ओतावे. मग खाली पातेले धरून ट्रॅप उघडावा आणि किती पाणी निघाले याची पातेल्यावर खूण करावी. ट्रॅप परत बसवून सिंक भरून एकदम सोडावे, संडासातही पाणी सोडावे, आणि पुन्हा ट्रॅप उघडून पाणी मोजावे. दुसऱ्या वेळी पाणी बरेच कमी भरले, तर ते ओढले जात आहे हे सिद्ध झाले.

सर्वांत सोपी वाट: बाहेरची भिंत

नवे सिंक बसवायचे असेल आणि जागा निवडण्याची मोकळीक असेल, तर ते बाहेरच्या भिंतीला बसवावे. ट्रॅपनंतरचा पाइप भिंतीतून थेट बाहेर काढावा आणि बाहेरच्या जाळीच्या कुंडीवर उघडा सोडावा. या कुंडीला कारागीर गली ट्रॅप म्हणतात. तिच्यात स्वतःचे पाणी साचलेले असते, म्हणून पुढच्या गटाराची हवा मागे येत नाही. पाइपाचे टोक जाळीच्या वर उघडे असल्याने त्याला हवा आपोआप मिळते. पाइप आखूड असेल तर वेगळी हवेची नळी लागत नाही. ही आपल्या जुन्या मोरीचीच सुधारलेली रीत होय. आणखी एक फायदा असा की स्वयंपाकघरातील चरबी आणि साबण सेप्टिक टाकीत जात नाहीत.

सिंक आत किंवा माडीवर असेल तर

तेथे हवेची नळी द्यावीच लागते. प्लंबर तिला व्हेंट पाइप म्हणतात. शहरातील जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर जाड बिडाच्या पाइपाशेजारी एक बारीक पाइप छपराच्या वर गेलेला आपण पाहिला असेल. तो याच कामाचा. काम सांगताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. ट्रॅप पक्का असावा. घड्या असलेली लवचीक नळी वाकवून केलेले वळण ट्रॅप म्हणून वापरू नये. त्यात घाण साचते आणि वळण केव्हाही सरळ होते. ज्याचे तोंड खाली न जाता आडवे भिंतीत जाते असा ट्रॅप घ्यावा. सरळ जमिनीत उतरणारा ट्रॅप फार लवकर ओढला जातो.

२. हवेची नळी ट्रॅपच्या जवळ असावी. ट्रॅपपासून दीड मीटरच्या, म्हणजे पाच फुटांच्या आत दोन इंची पाइपावर टी बसवून तेथून नळी वर काढावी. टीचे तोंड वरच्या बाजूस असावे, म्हणजे वाहते पाणी तिच्यात शिरत नाही.

३. उतार बेताचा असावा. मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार पुरेसा आहे. पुष्कळ गवंडी पाणी लवकर जावे म्हणून जास्त उतार देतात, पण ट्रॅप आणि हवेची नळी यांच्यामधील एकूण उतार पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त झाला तर हवेच्या नळीचे तोंड ट्रॅपच्या पाण्याच्या पातळीखाली जाते आणि नळी असून नसल्यासारखी होते. दोन इंची पाइपाला अडीच मीटरमध्ये हा उतार पुरा होतो. म्हणूनच लांब पाइपाच्या दुसऱ्या टोकाला दिलेली हवा ट्रॅपच्या उपयोगी पडत नाही.

४. वर गेल्याशिवाय वळवू नये. हवेची नळी सिंकच्या काठापेक्षा निदान वीतभर उंच जाईपर्यंत उभीच ठेवावी, मगच आडवी वळवावी. नाहीतर कधी पाइप तुंबला तर खरकटे पाणी आडव्या नळीत चढते, आतच वाळते आणि नळी कायमची बंद होते. आडव्या भागालाही मागे उतार द्यावा, म्हणजे आत धरलेले दव परत खाली उतरते.

५. टोक छपराच्या वर काढावे. कौलांच्या वर निदान दोन फूट असावे. गच्चीवर माणसे फिरत असतील, कपडे वाळत असतील तर माणसाच्या डोक्याच्या वर, सहा-सात फूट न्यावे. खिडकीखाली किंवा वळचणीखाली टोक सोडले तर घाण हवा फिरून घरातच येते. टोकावर टोपी आणि डासांची जाळी बसवावी. पावसाळ्यापूर्वी जाळी एकदा झटकून घ्यावी. ज्या भागात वानरे कौलांवर येतात तेथे नळी क्लिपांनी भिंतीला घट्ट बांधावी.

६. घरात आधीची हवेची नळी असेल तर नवी नळी तिला जोडता येते. मात्र तो जोड सिंकच्या काठापेक्षा बराच वर असावा. सेप्टिक टाकीला नळी आहे म्हणून सिंकला नको, असे मात्र समजू नये. टाकीची नळी दूर असते आणि मधल्या पाइपात पाणी वाहत असताना तिची हवा सिंकपर्यंत पोहोचत नाही.

छप्पर फोडणे शक्यच नसेल तर

भाड्याचे घर असेल, वर दुसऱ्याची माडी असेल, तर एक लहान एकतर्फी झडप मिळते. पाइपात ओढ निर्माण झाली की ती उघडून घरातील हवा आत घेते, आणि ओढ थांबली की स्वतःच्या वजनाने बंद होते, त्यामुळे घाण हवा बाहेर येत नाही. ती ट्रॅपपेक्षा उंचावर, सिंकखाली हात पोहोचेल अशा जागी बसवावी. भिंतीत पुरून टाकू नये, कारण तिला हवा लागते आणि काही वर्षांनी बदलावीही लागते. पण ही झडप फक्त हवा आत घेते. टाकीकडून उलटा दाब आला तर तो बाहेर सोडू शकत नाही. म्हणून घराच्या सांडपाण्याच्या मार्गावर छपरापर्यंत गेलेली एक तरी उघडी नळी असलीच पाहिजे.

या चुका टाळाव्यात

एकाच बंद पाइपावर एकामागे एक दोन ट्रॅप बसवू नयेत. दोघांच्या मध्ये हवा कोंडते आणि पाणी अडते.

छपराच्या पन्हळीचे पाणी हवेच्या नळीत सोडू नये. मुसळधार पावसात ती नळी भरते आणि पाणी सिंकमधून वर येऊ शकते.

वास येतो म्हणून हवेच्या नळीचे तोंड बोळा घालून किंवा सिमेंटने बंद करू नये. बाहेरचा वास थांबतो आणि तोच घरात येतो. पत्रे किंवा कौले बदलताना कारागीर ही नळी कापून टाकतात, तेव्हा घरच्या माणसाने लक्ष ठेवावे.

फिनेल आणि ॲसिड हे यावरचे औषध नव्हे. फिनेलने वास झाकला जातो, आणि वारंवार ओतल्यास टाकीतील मैला कुजविणारे उपयोगी जंतू मरतात.

टाकीत बिघाड वाटला तरी माणूस आत उतरवू नये. आतील हवेने क्षणात माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरणाराही परत येत नाही. माणसाकडून अशी धोक्याची सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. उपसा यंत्राच्या गाडीनेच करून घ्यावा.

ते पाणी परसात द्यावे

स्वयंपाकघरातील पाणी संडासच्या टाकीत घालण्यापेक्षा परसात वापरणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. केळ, अळू, कर्दळ आणि नारळ यांना ते मानवते. कोथिंबीर, मुळा, मेथी अशा कच्च्या खाण्याच्या भाजीला मात्र देऊ नये. ताटातील तेल आणि खरकटे आधी पुसून कोंबड्यांना किंवा खताच्या खड्ड्यात घालावे, सिंकच्या भोकावर जाळी ठेवावी आणि साबणाची पूड बेताने वापरावी. जास्त साबणाने जमीन चिकट व घट्ट होत जाते.

पाणी एकाच जागी रोज सोडू नये, आळीपाळीने बुंधे बदलावेत. डबके राहिले तर डास झालेच म्हणून समजा. झाडे नसतील तर तीन-साडेतीन फूट लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा खणून तो दगड-विटांच्या तुकड्यांनी भरावा. जांभ्या जमिनीत पाणी चांगले मुरते. काळ्या चिकण जमिनीत मुरत नाही, तेथे ते झाडांनाच द्यावे. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा.

आजींच्या घरी पुढे काय झाले

त्या घरच्या मुलाने दुसरा जाणकार कारागीर बोलावला. त्याने आधी फरशी फोडली नाही. सिंक भरून सोडले, कान देऊन ऐकले, ट्रॅप उघडून पाहिला. आत पाणी नव्हतेच. पंधरा फुटांच्या लांबीत पाइपाला पाच-सहा इंच उतार दिला होता आणि वाटेत कोठेही हवा नव्हती. सिंकचे स्वतःचे पाणी ट्रॅप रिकामा करीत होते, आणि उरलेसुरले संडासचे पाणी ओढून नेत होते.

त्याने घड्यांची नळी काढून पक्का ट्रॅप बसवला. सिंकपासून दोन हातांवर भिंतीलगतची एक फरशी उचलली, पाइपात टी बसवली, तेथून दोन इंची नळी भिंतीच्या कडेने वर नेऊन कौलांतून बाहेर काढली आणि टोकावर जाळी व टोपी लावली. सामान म्हणाल तर नळीची एक लांबी, एक टी, दोन एल्बो, चार क्लिपा आणि सोल्युशनची एक डबी. कौलाजवळची फट सिमेंटने बंद केली. एका दिवसाचे काम होते.

संध्याकाळी मुलाने सिंक काठोकाठ भरले आणि सोडले. पाणी सरळ निघून गेले, आवाज झाला नाही. नातवाने जाऊन संडासात पाणी सोडले. सिंक गप्प राहिले. मग तोच आजीजवळ येऊन म्हणाला, “आजी, चूक तुझी नव्हती, पाइपाची होती.” आजी म्हणाल्या, “मला ठाऊक होतं की.” आणि पदर खोचून भांड्यांकडे वळल्या, उभ्यानेच.

आपल्या घरी सिंक बसवायचे ठरले तर गवंड्याला दोन प्रश्न आधी विचारावेत: पाणी जाणार कोठे, आणि त्याच्या मागून हवा येणार कोठून? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत फरशी पक्की करू देऊ नये.